तिसऱ्या वल्ह्यावरची साय

शिरीषला सुई धरायला मी शिकवलं, हे आधीच सांगून टाकतो. लोक विसरतात. तो स्वतः विसरला असता तरी मला चाललं असतं, पण तो मेला प्रत्येक मुलाखतीत सांगत सुटला की माझे दाजीच माझे गुरू, आणि ते ऐकून मला जास्तच झोंबायचं.

शिरीष वडके म्हणजे माझ्या बायकोचा, रजनीचा, धाकटा भाऊ. मी मुकुंद करडे. दोन्ही घरं मूळची पुण्याच्या तांबट आळीतली. माझे वडील तांब्याच्या हंड्यांवर मठारकाम करायचे, म्हणजे हातोडीनं एकाशेजारी एक सारखे ठोके मारत भांड्याला लकाकी आणायचे. एक ठोका वाकडा पडला की त्यांच्या लेखी हंडा भंगारात. तो हात माझ्यात उतरला, फक्त हातोडीच्या जागी सुई आली.

पाषाणला टेकडीच्या पायथ्याशी आमची जीवाश्मांची संस्था आहे. माझा हुद्दा तंत्रसहायक, काम दगड सोलण्याचं. स्पितीच्या खोऱ्यातून पाटीसारखे काळे दगड येतात. त्यांच्यात पन्नास कोटी वर्षांपूर्वीचे समुद्रातले प्राणी दबलेले असतात. मायक्रोस्कोपखाली दगड ठेवायचा, पोलादी सुईनं कण कण उडवायचा आणि आतला प्राणी मोकळा करायचा. एकेका नमुन्याला तीन तीन महिने जातात. सव्वीस वर्षं मी हेच केलं.

प्रत्येक नमुन्याचं एक कार्ड असतं. त्यावर नमुन्याचा क्रमांक, मग दोन रकाने, ‘काय काढलं’ आणि ‘काय दिसलं’, आणि खाली सही. दुसऱ्या रकान्यात आम्ही तंत्रसहायक एक आडवी रेघ मारून मोकळे होतो. काय दिसलं ते सांगायला शास्त्रज्ञ बसलेत, आपण कशाला शहाणपणा करा. पहिल्या रकान्यात मात्र मी झोकात लिहायचो, ‘साय काढली.’

साय हा आमचा लॅबमधला शब्द. प्राण्याच्या अंगावर बऱ्याचदा एक पातळ तपकिरी पापुद्रा असायचा, दुधावर येते तसा. तो गंज किंवा मळ असावा असं सगळेच समजत होते. तो काढला की खालचा प्राणी लख्ख दिसायचा. माझ्याएवढी साय कोणी काढत नव्हतं. बाहेरचे पाहुणे आले की आमच्या प्रमुख, डॉ. लीना परुळेकर मॅडम, त्यांना आधी माझ्या कपाटाशी आणायच्या.

आणि शिरीष? दुसरीकडे कुठे टिकेना म्हणून रजनीनं माझ्यामागे लकडा लावला आणि मी शब्द टाकून त्याला इथे चिकटवला. शेजारचंच टेबल. दिवसभर शीळ घालणार, चारदा चहाला जाणार, सगळ्यांशी हसून खेळून राहणार. अर्धा प्राणी मोकळा झाला की याचा उत्साह संपला. साय तर तो काढायचाच नाही. मी कानीकपाळी ओरडायचो, तर म्हणायचा, “असू दे की दाजी, ती काय आपल्याकडे जेवायला मागते?” त्याच्या टेबलाखाली एक हातभर लांब, वीतभर रुंद, चार बोटं जाड दगड दोन वर्षं पडून होता. वर प्राणीही दिसत नव्हता, नुसते तपकिरी डाग. त्यावर तो चहाचा थर्मास ठेवायचा.

२०४१ च्या जूनमध्ये थरवाचक आला.

थरवाचक म्हणजे काय ते मला जसं कळलं तसं सांगतो. हे यंत्र दगड फोडत नाही. एक बारीक किरण दगडात बोटाच्या पेराएवढा खोल जातो आणि परत येताना वाटेत लागलेल्या प्रत्येक थराची माहिती आणतो, थर केसाच्या शंभराव्या हिश्शाएवढा पातळ असला तरी. कुठला थर चिखलाचा, कुठला कातडीचा, कुठली कातडी जिवंत अंगावर होती आणि कुठली टाकून दिलेली, हे तो वेगवेगळं काढून दाखवतो.

हा शेवटचा प्रश्न फार जुना होता. खेकडा, कोळंबी, विंचू, गोम, माशी या सगळ्यांचं कवच बाहेर असतं आणि ते वाढत नाही. अंग वाढलं की कात टाकावी लागते. जुन्या कवचाच्या आत नवं तयार होतं, आकारानं मोठं, म्हणून घड्या घालून ठेवल्यासारखं चुरगळलेलं. जुनं फाटलं की प्राणी बाहेर येतो, अंगात पाणी भरून घेतो, घड्या उलगडतात आणि मग नवं कवच घट्ट होतं. पण या सगळ्यांचे जे आद्य भाऊबंद पन्नास कोटी वर्षांपूर्वी पोहत होते, ते कसे वाढायचे? तेही अशीच कात टाकायचे का? दगडात आपल्याला मिळतो तो मेलेला प्राणी की त्यानं टाकलेली कात? यावर शास्त्रज्ञ आयुष्यभर भांडत आले होते.

आमच्या दगडांतला मुख्य प्राणी आम्ही वल्हेकरीण म्हणून ओळखायचो. हातभर लांब, अंगाच्या दोन्ही बाजूंना वल्ह्यांसारखे चपटे पडदे, पुढे पकडायला दोन काटेरी सोंडा आणि तोंड असं की चकलीच्या सोऱ्यातली ताटली आठवावी. ती नर की मादी ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण नाव तेच पडलं.

यंत्राखाली पहिला नमुना माझा लावला. मॅडमनीच तसं सांगितलं, करड्यांचा हात आधी लागू दे म्हणाल्या. पडद्यावर एक ओळ आली, ‘वरचा थर उपलब्ध नाही.’ दुसरा नमुना लावला. तीच ओळ. दहा नमुने लावले. मग कोणीतरी सहज शिरीषचा एक अर्धवट, सायीसकटचा नमुना ठेवला आणि पडदा भरून गेला.

साय म्हणजे मळ नव्हता. ती जुनी कात होती. ज्या क्षणी प्राणी कात टाकत होता, त्याच क्षणी चिखलाचा लोंढा आला आणि जुनं कवच, आतलं घडीचं नवं कवच, सगळं एकावर एक तसंच दगड झालं. सगळ्या जगाला जे पाहायचं होतं ते त्या सायीत होतं, आणि मी सव्वीस वर्षं ते खरवडून, फुंकर मारून उडवत होतो. वर कार्डावर सही करून.

मॅडम मला म्हणाल्या की कोणालाच माहीत नव्हतं, तुमची चूक नाही. ते खरंही होतं. पण शिरीषची हुशारीही नव्हती ना! त्यानं साय ठेवली ती आळसानं. मी राबलो म्हणून वाया गेलो आणि हा चहा पीत बसला म्हणून तरला. मला त्याचा हेवा वाटत होता. हे एवढं साधं वाक्य लिहायला मला वर्ष लागलं.

थर्मासखालच्या दगडानं तर कळस केला. त्यात पेरभर खोलीत एकाखाली एक सात काती निघाल्या, मध्ये नखाएवढा चिखल. दगड मुळात उलटा होता, म्हणजे सगळ्यात जुनी कात वर आणि नवी खाली. यंत्रानं त्या जुळवल्या तेव्हा कळलं की सातही काती एकाच वल्हेकरणीच्या आहेत. सगळ्यात जुन्या कातीत डावीकडचं तिसरं वल्हं अर्धं तुटलेलं होतं, कोणीतरी चावा घेतला असावा. बुंध्याशी पोटाकडच्या बाजूला व्रणाची गाठ होती. पुढच्या कातीत तिथे बोटाच्या टोकाएवढं नवं वल्हं. त्यापुढच्या कातीत जरा मोठं. बाजारात खेकडे घेताना एक नांगी मोठी आणि एक बारीक दिसते ना, तसंच. गाठ मात्र सातही वेळा त्याच जागी. कात टाकली की अंग लोण्यासारखं मऊ असतं, कोणीही खाऊन टाकेल, म्हणून ही बाई दर वेळी लपायला त्याच एका खोलगट जागी येत असणार. पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या एकाच जिवाचं लहानाचं मोठं होणं पहिल्यांदाच माणसाला दिसलं.

लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. शाळांतून पत्रं यायला लागली. कुर्डुवाडीच्या सातवीतल्या श्रावस्ती नावाच्या मुलीनं लिहिलं होतं की माझा हात मोडला होता, प्लास्टर काढल्यावर तो बारीक दिसत होता आणि मला रडू आलं, पण आता सारखा झाला. तुमच्या वल्हेकरणीचं वल्हं सारखं झालं का ते मला नक्की कळवा. सातव्या कातीत ते अजून थोडं आखूड होतं. मॅडमनी ते पत्र लॅबच्या दारावर चिकटवलं.

सगळ्या फोटोंत शिरीष. दगड मांडीवर घेऊन हसतोय. पुढे मॅडमनी जाहीर केलं की या जातीच्या शास्त्रीय नावात शिरीषचं नाव घालणार. मी सव्वीस वर्षांत एवढंच मिळवलं होतं की शोधनिबंधाच्या शेवटी, आभारांच्या यादीत, वीज गेल्यावर जनरेटर लावणाऱ्याच्या जरा वर माझं नाव यायचं.

भाऊबीजेला आमच्याकडे सगळं वडके खानदान जमलं होतं. रजनी सकाळपासून तरंगत होती. मला कित्येक वर्षांत न मिळालेला अनारसा त्याच्यासाठी तळला गेला. ओवाळताना तिचे डोळे भरून आले. जो तो त्याच्या भोवती. मग त्यांच्या एका चुलतभावानं माझ्याकडे वळून विचारलं, “मुकुंदराव, तुम्हीही तिथेच असता ना?” माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. शिरीष लगेच म्हणाला की दाजी नसते तर मी तिथे शिपाईसुद्धा नसतो. त्याला नावाचं विचारलं तर हसत म्हणाला की किड्याला माझं नाव दिलंय, त्यात मिरवण्यासारखं काय. मी उठून गॅलरीत गेलो आणि कंदिलाची वायर नीट करत बसलो. ती नीटच होती.

रात्री रजनीनं विचारलंच की तुम्हाला बरं वाटलं नाही का त्याचं. मी म्हटलं, वाटलं की. ती म्हणाली, “अहो, तुमचं तोंड सांगतंय.”

जानेवारीत आठवा थर आला. सात कातींच्या खाली यंत्राला आणखी काहीतरी पुसट दिसत होतं, पण किरण तिथवर नीट पोचत नव्हता. दगड उलटा करून खालच्या बाजूनं तो उतरवत आणायचा होता. मॅडमचा अंदाज असा होता की ही आठवी नुसती कात नाही, खुद्द ती आहे, कात टाकता टाकता लोंढ्यात सापडलेली. ती उताणी झालेली असणार, म्हणजे खालून गेलं तर पोटच आधी लागणार. व्रणाची गाठ जुन्या कातीवर सापडली की सिद्ध झालं, हीच ती. आणि आतल्या नव्या कवचात वल्हं केवढं आहे तेही कळलं असतं. निबंध, नाव, श्रावस्तीला उत्तर, सगळं त्या एका गाठीवर अडलं होतं.

हे काम शिरीषला जमण्यातलं नव्हतं. मॅडमनी दगड माझ्या टेबलावर ठेवला आणि बजावलं की सायीच्या वर नखभर दगड राखून थांबायचं, पुढचं यंत्र वाचेल. म्हणजे त्याचं नाव लागायला माझाच हात हवा होता.

सहा आठवडे मी उतरत गेलो. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत शिरीष डबा आटपून चहाला निघाला. जाताना माझ्या खुर्चीमागे घुटमळला. म्हणाला, “दाजी, काही दिसलं तर आधी मला हाक मारा हं.” मी मान हलवली. तो शीळ घालत गेला आणि त्याच मिनिटाला डावीकडे दगडाचा एक टवका आपसूक उडाला. खाली साय. सायीवर आखूड वल्ह्याची कड, आणि तिच्या बुंध्याशी गाठ.

तीच होती. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. सात वेळा पडद्यावर पाहिलेली गाठ आठव्यांदा माझ्या सुईखाली, माझ्या डोळ्यांना. मला हाक मारायची होती. खरंच मारायची होती. पण डोळ्यापुढे काय यावं, तर भाऊबीजेचा तो पाट, रजनीचे भरलेले डोळे आणि ‘तुम्हीही तिथेच असता ना’.

माझा हात घसरला, असं मी म्हणणार नाही. माझा हात घसरत नाही. मी सुई आडवी धरली आणि त्या एका वल्ह्यावरची साय काढली. बुंध्यापासून टोकापर्यंत, गाठीसकट, जशी सव्वीस वर्षं काढली तशी. बारा मिनिटं लागली. शेवटी फुंकर मारली. खाली नवं वल्हं होतं, बारीक घड्यांचं. शेजारच्या वल्ह्यांना मी हात लावला नव्हता, पण त्यांची लांबी सायीखालून कळत होती. हे वल्हं त्यांच्याइतकंच होतं, गाठही उरली नव्हती. पूर्ण झालं होतं.

शिरीष परत आला तेव्हा मी सांगितलं की एक टवका उडाला, दुर्दैव. त्यानं नुसतं अरेरे केलं आणि माझ्यासाठी आणलेला चहा पुढे ठेवला. मी तो प्यायलो.

यंत्रानं आठवा थर वाचला आणि निकाल दिला, प्राणी कात टाकताना मेलेला, बारा वल्ही, सगळी पूर्ण, कुठेही व्रण नाही. तिसऱ्या डाव्या वल्ह्यावर वरचा थर उपलब्ध नाही. निष्कर्ष असा की हा प्राणी दुसरा. ती बरी झाली होती, म्हणूनच ओळखू येईना. ती जखमी होती याचा एकच पुरावा होता आणि तो मी फुंकरीनं उडवला होता.

मॅडमनी दगड मायक्रोस्कोपखाली घेतला. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, “हा टवका नाही. सुईच्या रेघा आहेत. कोणाची सुई ही?”

शिरीष पुढे झाला आणि मायक्रोस्कोपाला डोळे लावले. माझ्या रेघा चंद्रकोरीसारख्या वळतात, एकीशेजारी एक, वडिलांच्या ठोक्यांसारख्या. हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नाही, कारण त्या मी त्यालाच शिकवत होतो आणि त्याला कधी जमल्या नाहीत. त्यानं खूप वेळ पाहिलं. मग मान वर न करता म्हणाला, “माझी. दाजी जेवायला गेले होते. मला राहवलं नाही.”

मॅडमचा लगेच विश्वास बसला. करड्यांचा हात असलं काही करणारच नाही, हे सव्वीस वर्षांत सगळ्या संस्थेच्या अंगवळणी पडलं होतं. एवढी वर्षं साय काढ म्हटलं तर काढली नाहीस आणि हिचीच काढलीस, एवढंच त्या शिरीषला म्हणाल्या. कार्ड त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं त्याच्या गिचमिड अक्षरात लिहिलं, ‘साय गेली. चुकून.’ दुसऱ्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि सही केली.

जिन्यात मी त्याला गाठला. काय बोलणार होतो कोण जाणे. तोच म्हणाला, “ताईला कळायला नको, दाजी. तिला तुमचा फार अभिमान आहे.” मी म्हटलं की तुला तर नावाचं काही वाटत नव्हतं. त्यावर तो पायरीवर बसला. पहिल्यांदाच मी त्याला न हसता पाहिलं. म्हणाला, “वाटत होतं हो. जन्मात पहिल्यांदा काहीतरी मनापासून हवं होतं. हसत नसतो तर लोकांनी ओळखलं असतं.”

त्याला लॅबमधून काढून तळघरात दगडांची खोकी लावायला पाठवलं. सुईला हात लावायची बंदी. घरी रजनी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली की तुम्ही जेवायला गेलातच कशाला, तुम्ही जागेवर असता तर त्याच्या हातून हे झालं नसतं. मी ताट बाजूला सारलं.

मॅडमनी कुर्डुवाडीला पत्र पाठवलं. आठवा प्राणी ती नव्हती, ती त्या जागी पुन्हा आली नाही, तिचं पुढे काय झालं ते आता कळणार नाही. श्रावस्तीचं दोन ओळींचं उत्तर आलं की म्हणजे ती बहुतेक मेली असेल, पण कळवल्याबद्दल आभार. मॅडमनी तेही दारावर चिकटवलं. रोज आत शिरताना ते वाचावं लागायचं.

आणि मार्चमध्ये मॅडमनी मला खोलीत बोलावलं. बसा म्हणाल्या. शिरीषचं नाव तर आता देता येणार नाही, संस्थेच्या समितीला ते पटत नाही. मग सगळ्यांचं एकमत झालंय, जातीला तुमचं नाव द्यायचं. एवढी वर्षं एवढ्या स्वच्छ हातानं कोणी काम केलेलं नाही. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. लॅटिन वळणाचं लांबलचक नाव आणि त्यात माझं आडनाव, जगबुडी होईपर्यंत पुसलं जाणार नाही असं.

सव्वीस वर्षं मला तेवढंच हवं होतं. मी कागद घेतला आणि उद्या सांगतो म्हटलं. टेबलाशी येऊन बसलो. शेजारचं टेबल रिकामं होतं, शीळही नव्हती. कागद चार वेळा वाचला आणि प्रत्येक वेळी मला त्या नावाच्या जागी बारा मिनिटं दिसली. ते वल्हं बरं झालं होतं हे या जगात एकट्या मला माहीत होतं, आणि ते सांगायचं तर मी ते कसं पाहिलं तेही सांगावं लागणार होतं. निम्मं सांगून भागत नव्हतं. मी बराच वेळ तोही मार्ग शोधला, नाही म्हणत नाही.

मग कपाटातून आठव्या थराचं कार्ड काढलं. शिरीषनं लिहिलेलं ‘चुकून’ खोडलं आणि वर ‘मुद्दाम’ लिहिलं. त्याची सही खोडली. दुसऱ्या रकान्यातली आडवी रेघही खोडली आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिथे लिहायला घेतलं. तारीख आणि वेळ. टवका उडाल्यावर साय दिसली. सायीवर तिसरं डावं वल्हं शेजारच्यापेक्षा आखूड, बुंध्याशी पोटाकडे व्रणाची गाठ, सातही कातींवर आहे तीच. मी साय गाठीसकट काढली. खाली नवं वल्हं, घडीचं, शेजारच्यांइतकंच. प्राणी तोच. रकाना पुरला नाही म्हणून कार्ड उलटं करून मागे लिहिलं. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं. खाली सही केली.

मॅडमकडे जाण्याआधी मी तळघरात गेलो. शिरीष एका खोक्यावर बसून दुसऱ्या खोक्यावर क्रमांक लिहीत होता. मी कार्ड त्याच्या हातात दिलं. त्यानं पुढची बाजू वाचली, मागची वाचली, परत पुढची वाचली. मला वाटलं आता आईबहिणीवरून शिव्या घालेल, निदान विचारेल की का केलंत. मी तयारीनं उभा होतो.

“पूर्ण झालं होतं?” त्यानं विचारलं.

“शेजारच्याएवढं,” मी म्हटलं.

त्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. म्हणाला, मग आधी त्या कुर्डुवाडीच्या पोरीला कळवा, मॅडमचं नंतर बघू. आणि तो चक्क शीळ घालायला लागला.

मी कार्ड घेऊन जिना चढायला लागलो. वर नोकरी जाणार होती, नाव जाणार होतं, संध्याकाळी रजनीला तोंड दाखवायचं होतं. आणि खरं सांगतो, तेव्हासुद्धा मला त्याचा हेवाच वाटत होता.